डावीकडून लावलेली बाग

मेमो! पाहा, हा पाहा मेमो! तुमाले सांगतो, अकरा वर्षं झाली, या युनिवर्सिटीच्या हॉलमधी रोजंदारीवर सिनेमाची मशीन चालवून राहिलो. रीळ तुटली, लाइट गेली, पडद्यामागं चिमन्यांनी घरटं केलं, कधी मेमो नाई. अन् आयुष्यात एक दिवस काम बरोबर केलं, अगदी बरोबर, तं मेमो! पाच वाजेपर्यंत लेखी खुलासा! अन् साडेचार तं वाजले! मले परमनंट कराची आर्डर तिकडं रजिस्ट्रार गनपतराव साहेबाच्या टेबलावर पडून हाये. खुलासा पटला तं आज शुक्रवारीच सही, नाई पटला तं फाडून टोपलीत. अन् माहा गुन्हा काय? मी काय बाप्पा, रीळ लावनारा मानूस!

परवा सुरू झालं हे. इस्रायली सिनेमाचा महोत्सव! आजकालचा, एकदम ताजा सिनेमा म्हने. आता आमच्या मोहल्ल्यात, सक्करदऱ्यात, विचारा इस्रायल कुठं हाये, अर्धे लोक म्हनतीन कामठीच्या पल्याड. पन आमचे मनोहरराव सर, इंग्रजीचे हेड, त्याइनं मुंबईच्या इस्रायली कचेरीले चिठ्ठ्या लिहून लिहून पेटी मागवली. लाकडाची पेटी, आत एका ओळीत पाच खन, पाच खनात पाच डबे, अन् डब्यावर अक्षरं कशी? जशा उन्हात वाळत घातलेल्या शेवया! आकडा एक नाई! मी म्हनलं, सर, पहिला डबा कोनता? तं सर असे हसले का जसं मी त्याइले बाराखडी विचारली. "बळीराम, हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात. तेव्हा उजवीकडचा डबा पहिला. अरे, संस्कृती समजून घ्यावी लागते!" समजलो म्हनलं. सर डबल एमे, मी सातवी फेल. उजवीकडून तं उजवीकडून. मी काय बाप्पा, रीळ लावनारा मानूस!

हॉल खचाखच. पयल्या रांगेत गनपतराव साहेब. बत्ती बंद केली, मशीन सुरू केली... अन् सुरुवातच कशी? संत्र्याची बाग तोडून राहिले! धडाधड कुऱ्हाडी! बाजूले म्हातारा उभा. मंग वाजा वाजला, पडद्यावर त्याच शेवयावानी अक्षरातली नावं आली, अंधार. मी म्हनलं, अबे, वीस मिनिटात संपला का काय? दुसरा डबा लावला, तं तोडलेली झाडं उभी! तिसऱ्यात म्हाताऱ्याचे केस काळे! तवा समजलं. उलटं लागलं रे बळीराम, उलटं! आता काय करू? बंद करू? बंद केलं का साहेब म्हनन, याले परमनंट करू? चालू ठेवू? कोनाले समजलं तं? पंखा भरधाव सुरू अन् मी घामानं ओलाचिंब...

अन् तेवढ्यात केबिनचं दार उघडलं!

गोरा मानूस. टाय. हातात बॅग. मुंबईच्या कचेरीचा पाहुना, गाडी चार तास लेट म्हनून आता पोचला. मी म्हनलं, "कम सर, सिट सर." तो भोकातून पडद्याकडं पाहते, माह्याकडं पाहते, अन् म्हनते, "अहो, शेवटलं रीळ आधी लावलंत की काय?"

मराठीत! साफ आपल्या मराठीत! "मी रूबेन थळकर. आम्ही रेवदंड्याचे, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. कचेरीत पेट्या मीच भरतो." मी म्हनलं, साहेब, पन तुमची भाषा तं उजवीकडून... "अहो, भाषा उजवीकडून! पेटी भरणारा मराठी शाळेत शिकलेला! डावीकडूनच भरली मी!"

मी पायच धरले त्याइचे. म्हनलं, अकरा वर्षं साहेब, शुक्रवारी सही हाये. ते स्टुलावर बसले अन् उरलेला सिनेमा उलटाच पाह्यला. बाग फुलली, म्हातारा जवान झाला, अन् सिनेमाचं नाव आलं शेवटच्या डब्यात.

बत्ती लागली, थळकर साहेब खाली हॉलमधी गेले. मंग टाळ्या! मनोहरराव सर उठले, "वा! काळालाच उलटं चालवलं! नाव शेवटी! आपल्याकडे हे कधी जमणार? काय थळकर, बरोबर ना?" माहा जीव टांगनीले! थळकर साहेबानं केबिनच्या भोकाकडं पाह्यलं अन् म्हनलं, "असं तर मीसुद्धा कधी पाहिलं नव्हतं."

अन् गनपतराव साहेब? वर केबिनमधी आले, रुमाल डोळ्याले! "बळीराम, माह्या बाबाची नरखेडची बाग अशीच वाळली गा, अशीच तोडली. आज फुललेली पाह्यली. उद्या हाच सिनेमा पुन्हा लाव, मी आईले घेऊन येतो."

जाता जाता थळकर साहेब म्हनले, "तुम्हाला वाचवलं. पण उद्या सरळ लावा हो, ज्यानं सिनेमा केलाय त्याचंही काही म्हणणं आहे की नाही?" मी शब्द देल्ला. देल्ला तं पाळला!

काल लावला सरळ. गोपिकाबाई, साहेबाची आई, ऐंशी वर्षांची, पयल्या रांगेत. बाग पाहून म्हनते कशी, "बाई वं, कसा बहार धरला!" अन् मी वर देवाचं नाव घेऊन राहिलो, कारन पाचवा डबा मले मालूम होता ना! आल्या कुऱ्हाडी. म्हातारीनं पदर तोंडाले लावला. "गनपत, हे दाखवाले आनलं का मले?" बस, उठून गेली.  अन् मांगून मनोहरराव सर, "ऑपरेटरने रिळांचा विचका केला! कालचा सगळा आशय गेला!"

म्हनून हा मेमो. खरं लिहू? तं परवाचं उघडं पडते, सर म्हनतीन मी कुठं सांगितलं, थळकर साहेबाले बोल लागन, अन् आर्डर टोपलीत. प्रेमिला, माही बायको, म्हनते, "लिहून टाका चूक झाली! कबूल केल्यानं आंगाले भोकं पडतेत का?"

लिहिलं. आयका. "महोदय, काल मी डबे डावीकडून लावले. ही माझी चूक झाली. यापुढे उजवीकडूनच लावीन." एक अक्षर खोटं नाई!

अन् सहा वाजता पुन्हा शो ठेवला हाये साहेबानं. गोपिकाबाईले समजावून आनून राहिले. थळकर साहेबाची माफी मागतो मनातल्या मनात, पन आज म्हातारीची बाग फुलवतो मी.

फक्त एक सांगा, पाच वाजत आले... सही कुठं करू? डावीकडं का उजवीकडं?