मोटार जामीन राह्यली

राजेहो, काय मजा आली मनता! आमच्या रहीम मिस्त्रीची दारव्ह्याच्या कोर्टाची तारीख हुकली अन् वारंट निघालं. जामीन राहाले म्या किसन डायवरलेच धरून नेलं.

कोर्टात जजसाहेबांनी रहीमले विचारलं, "तारखेला का आला नाहीस?"

"साहेब, तारखेलेच येत होतो, तं रस्त्यात या किसनची मोटार बंद पडली. म्या खाली घुसून चालू केली. हात धुवाले नाल्यावर गेलो, तं हा मले सोडून पयाला!"

किसन म्हने, "खरं हाय साहेब. पुन्हा बंद पडन, या भेवानं थांबलोच नाही. याले मीच जामीन राह्यतो."

"पण पुढच्या तारखेला तो येईलच, कशावरून?"

"साहेब, त्या दिवशी याले सोडून निंगालो, तं पुढच्याच वळणावर मोटार पुन्हा बंद पडली ना! आता याले बसवल्याबिगर मी दारव्ह्याले मोटारच काढत नाही!"