शेजाऱ्यांचे मोबाइल बादलीत घालून गच्चीवर नेल्याबाबत

मी, नाव वर नोंदवल्याप्रमाणे, घरात सगळे भिंगरी म्हणतात, वय चोवीस, धंदा सध्या सायकल दुरुस्ती, त्याआधी बरेच, राहणार तूर्त थोरल्या बहिणीकडे, दुसरा मजला, स्वतः ठाण्यात येऊन विचारल्यावरून सांगतो की,

वरच्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार आहे की काल संध्याकाळी मी जिन्यात त्यांच्या हातातला मोबाइल हिसकावला आणि इतरांच्या मोबाइलसह बादलीत घालून पळून गेलो. हे खरे आहे. पळून मात्र गेलो नाही, गच्चीवर गेलो. बादली कोरडी होती.

माझ्या ताईने व भाऊजींनी मूल दत्तक घेण्यासाठी चार वर्षांपूर्वी नाव नोंदवले आहे. काल सकाळी संस्थेचा निरोप आला की पाच महिन्यांची एक मुलगी आहे, संध्याकाळी सहाच्या आत वेबसाइटवर होकार कळवा. नाही कळवला तर रांगेतल्या पुढच्या जोडप्याला विचारणार. सोबत फोटो होता. त्यात मुलीने स्वतःच्या पायाचा अंगठा धरला आहे. ताईने फोटो अख्ख्या इमारतीला दाखवला. होकाराचे बटण मात्र दाबले नाही, कारण भाऊजी कामावरून आल्यावर दोघांनी मिळून दाबायचे, असे तिचे म्हणणे.

भाऊजी चारच्या पुढे आले. लॅपटॉपवर पान उघडेना. गोल फिरत राहायचे आणि मग 'कनेक्शन टाइम आउट' यायचे. म्हणजे आपला संगणक तिकडच्या संगणकाला हाक मारतो, थोडी वाट बघतो, ओ आली नाही की नाद सोडतो. मी काही दिवस बंदरावर होतो, तिथे एक नावाडी अशाच हाका मारायचा, त्याचे झाले असे की (अंमलदार साहेबांनी मुद्द्यावर यायला सांगितले).

ताई रडकुंडीला आली तसे शेजारी मदतीला धावले. इमारतीत सगळ्यांना मिळून एकच वायफाय आहे. ताईने त्या वेबसाइटचा आपला पासवर्ड मोठ्याने सांगितला आणि प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर तेच पान उघडायला घेतले. ज्याचे आधी उघडेल त्याने ओरडायचे, असे ठरले. समोरचे निवृत्त मास्तर तर दोन मोबाइल घेऊन बसले.

"अगं, माझ्यात अर्धं आलं!" तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशी ओरडल्या.

"अर्ध्याचं काय करू, मावशी? अर्धीच मुलगी आणू का?" ताई म्हणाली. सगळे हसले, तीही हसली. मग तिने तोंड पदरात घेतले.

पूर्वी मी तिकिटे काढून देणाऱ्या दुकानात होतो. एकाच साइटवर सगळे तुटून पडलो की मालक खेकसायचा. एकाच ठिकाणाहून फार टकटक झाली की तिकडचा संगणक वैतागतो आणि काही वेळ तिथे उत्तरच देत नाही, असे तो म्हणायचा. सगळ्यांनी हात काढायचे, थोडे थांबायचे, मग एकानेच जायचे. हे खरे की मालकाचा समज, मला पक्के माहीत नव्हते. मी सांगू लागलो तर भाऊजी म्हणाले, "तू जरा गप रे." शेजारी तर हात थांबवायलाच तयार नव्हते. मास्तर म्हणाले, "थांबून कुणाचं भलं झालंय?"

साडेपाच होऊन गेले होते. मी न्हाणीघरातली बादली आणली आणि एकेकाच्या हातातून मोबाइल काढून तिच्यात टाकले. ताईच्या कानात सांगितले, "दहा मिनिटं कशालाही हात लावू नका. मग एकदाच." तिने भाऊजींचा हात धरून लॅपटॉपवरून बाजूला घेतला. जिन्यात काकू वर येताना भेटल्या, त्याही तेच पान दाबत होत्या. समजावायला वेळ नव्हता.

गच्चीवर जाऊन मी दाराला गच्चीच्या बाजूने कडी लावली व मोबाइल बंद केले. मालकाचा तो निव्वळ समज असेल तर काय, याचा विचार मी तेव्हा केला. आणखी काय केले ते लिहू नये.

नंतर भाऊजी ओरडले. त्यांचा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हते. मागोमाग सगळा मजला ओरडला. तेवढ्यात काकूंनी ठाण्यातून बोलावलेले शिपाई दादा गच्चीचे दार वाजवू लागले. मी कडी काढली. ते म्हणाले, "काय रे, काय चाललंय?" मी म्हणालो, "दादा, मी मामा झालो." आणि त्यांना मिठी मारली. त्यात त्यांची टोपी पडली. मुद्दाम पाडली नाही.

मोबाइल सर्वांना परत मिळाले आहेत. काकूंचे म्हणणे, आधी सांगितले असते तर त्यांनी स्वतःच बादली धरली असती.

जबाब लिहिणे चालू असताना मुलीला भेटायला गेलेल्या ताईचा फोन आला. मागे बाळ जोरात रडत होते. साहेबांनी स्पीकर लावायला सांगितला. इथे बसलेल्या काकू म्हणाल्या, "अगं, भूक लागलीय तिला! बघत काय बसलीस, बाटली दे." थोड्या वेळाने रडणे थांबले. तोपर्यंत ठाण्यात कोणी काही लिहिले नाही.

काकू तक्रार मागे घेत आहेत. हा जबाब मला वाचून दाखवला, मी सांगितल्याबरहुकूम आहे, म्हणून खाली सही करतो.