लोणी पचलं

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर दीर-भावजय बसली होती.

“वहिनी, काल पावाला लोणी लावून खाल्लं. पचलं!”

“डॉक्टरांना विचारलं होतंस का?”

“त्यांनीच सांगितलं. नवं यकृत आता नीट पित्त तयार करतंय, तेला-लोण्याचं पचेल म्हणाले.”

“नवं कसलं? माझ्याच यकृताचा तुकडा तो.”

“म्हणून तर! आई गेल्यावर घास भरवलात तुम्ही, आता पचवताय पण तुम्हीच.”

“पुरे हं. माझं माझ्यापाशी पुन्हा वाढलंय, तुझं तू सांभाळ.”

“वहिनी, तुमचे उपकार...”

“डोळे पूस आधी. डब्यात काय आणलंयस?”

“लोण्यात परतलेले बटाटे. मीच केलेत. जरा करपलेत.”

“आण इकडे. तुझ्या हातचं कधी मिळालंय मला?”