पाखरलेल्या घोड्याचं प्रकरण

मंडळी, एवढ्या उन्हात आमच्या माले गावापर्यंत आलात, बरं वाटलं. अनिल माझा धाकटा भाऊ. धाकट्याच्या शोकसभेत थोरलीनं बोलायला उभं राहायचं, ही काही बरी गोष्ट नव्हे. पण रडत बोललेलं कुणी ऐकत नाही, म्हणून रडणं मी घरी ठेवून आले आहे.

कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी आम्हाला शिकवलं होतं, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. उरलेल्यांबद्दल त्यांनी काही सांगितलं नव्हतं.

माझ्या आधी चौघे बोलले. देवमाणूस म्हणालात. अडलेल्या गाईसाठी जेवणावरून उठणारा जनावरांचा डॉक्टर म्हणालात. सगळं खरं. पण निवृत्तीनंतर त्यानं जे पुस्तक लिहिलं, त्याबद्दल एक शब्द नाही. का हो? पुस्तकाचं नाव घेताना जीभ अडते?

मग मी सांगते. दिल्लीच्या बादशहाच्या घोडदळातल्या एका भारी पथकाचा तो इतिहास आहे. भारी म्हणजे स्वार चिलखतात आणि घोडाही पाखरलेला, मानेपासून गुडघ्यापर्यंत लोखंडी पट्ट्यांची झूल. मैदानात त्यांच्यापुढे कुणी टिकत नसे. मावळात आले आणि रुतले. इतरांनी लढाया पाहिल्या, अनिलनं खूर पाहिले. मला म्हणायचा, "अक्का, हे कोरड्या मुलखातलं जनावर. आपल्या चिखलात उभं राहिलं की खूर सडणारच. त्यात पाठीवर लोखंड! या पथकाला हरवायला शत्रू कशाला हवा?"

इथपर्यंत तुम्ही सगळे खूश होतात. गावानं ग्रंथ समिती काढली. तात्या अध्यक्ष झाले. समोरच बसलेत.

मग आलं नववं प्रकरण.

आपल्या वेशीवरचा वीरबाबा. मोगल कापता कापता पडलेला वीर, म्हणून दर दसऱ्याला आपण त्याला शेंदूर फासतो. एका वर्षी शेंदराची जुनी खोळ गळून पडली आणि खालचा दगड दिसला. दगडावर घोडा. घोड्यावर गुडघ्यापर्यंत चौकटी चौकटींची पाखर. पाखरेच्या कडेला, घोड्याच्या मांडीवर एक खूण.

तुम्ही म्हणालात, छिन्नी घसरली असेल. अनिल म्हणाला, हा तापल्या लोखंडानं दिलेला सरकारी डाग आहे. बादशाही घोडा मेला, तर त्या डागाचं कातडं दाखवल्याशिवाय स्वाराला दुसरा घोडा मिळत नसे. विम्याची म्हैस मेल्यावर तुम्ही कानातला बिल्ला घेऊन अनिलकडे धावायचात ना? तसंच. जन्मभर बिल्ले तपासणाऱ्याला डाग ओळखू येणार नाही?

म्हणजे आपला वीरबाबा त्याच पथकातला स्वार होता.

त्या संध्याकाळी तात्या आमच्या ओट्यावर आले. "डॉक्टर, आमचा बाबा मोगलाचा चाकर व्हता म्हंता व्हय?"

"चाकर न्हाई तात्या, स्वार. घोडा बादशहाचा, मांड त्याची."

"लोकं त्वांडात शेण घालतील आमच्या!"

"तुमचा नातू हिंजवडीत कुणाच्या कंपनीत हाय?"

"अमेरिकेच्या."

"मग त्याच्याबी त्वांडात घाला."

हसू नका. तात्यांनी त्यानंतर अनिलशी बोलणं टाकलं. समितीनं पुस्तक टाकलं. पुस्तक हातात न घेताच माझा भाऊ गेला.

आणि परवा, दहाव्याला, घाटावर पिंड ठेवला होता आणि कावळा शिवत नव्हता. तात्या माझ्याजवळ सरकले. "ताई, डाक्टरांचा जीव पुस्तकात आडकलाय. तेवढं नववं सोडून छापतो म्हना. लगी शिवंल."

मी म्हटलं, "तात्या, नववं काढतो म्हणालात म्हणूनच तो फिरकत नाही."

पुढे कावळा शिवला की नाही, ते विचारू नका. मी कावळ्याला विचारून पुस्तकं छापत नाही.

मला एवढंच सांगा. ज्यांनी तो दगड उभा केला, ते कोण होते? आपलेच वाडवडील. त्याच फौजेनं त्यांची उभी पिकं घोड्यांना चारली असतील. तरी आपला माणूस त्या फौजेतून घरी येऊन मेला, तेव्हा त्यांनी त्याचा घोडा पाखरेसकट कोरला. डागासकट कोरला. काही लपवलं नाही. शेंदूर आपण फासला! त्यांना तो अख्खा माणूस सोसला, आणि तुम्हाला एक प्रकरण सोसत नाही? आणि वर पुन्हा वीरांचे वंशज म्हणवता?

पुस्तक छापलं जाईल. समितीनं छापलं तर समितीचं नाव पहिल्या पानावर. नाही छापलं तर मी छापीन. पण नववं प्रकरण आठव्यानंतर आणि दहाव्याच्या आधी, एक अक्षर न गाळता.

आता श्रद्धांजली. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं आहे. पण ज्यांना अनिलचं पुस्तक अख्खं हवंय, त्यांनीच उठायचं. बाकीच्यांनी खुशाल बसून राहावं. अनिल कुणावर चिडला नसता. ते खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे.

तात्या, गुडघे दुखत असतील तर हा माझा हात धरा.

उठा.