शेवटचं सॉसेज

आणि वर मलाच विचारतात, "एल्डो, त्या सॉसेजकडे असा काय बघतोस रे?" अहो, बघू नको तर काय करू? तव्यावर एकच उरलं होतं! एक! आणि त्या एकावर अख्खा बार उभा होता, बियरची चार पिंपं उभी होती, माझी नोकरी उभी होती! तुम्हाला सांगतो, मी संशय घेत नाही, माझा तो स्वभावच नाही. मी फक्त लक्ष ठेवतो.

तसा मी फार बोलत नाही. दहावीतच शाळा सोडली, ती वर्गात उभं राहून बोलायला लावायचे म्हणूनच. मग तीन वर्षं अननसाच्या शेडमध्ये पेट्या भरल्या. अननस काही विचारत नाहीत. पण आईनं टुमणंच लावलं, "माणसांत जा, माणसांत जा," म्हणून गेलो बाबा विद्यापीठाच्या बारवर. तिथं नोलीनबाई. तीस वर्षं त्या काउंटरमागे, कपाळावर चष्मा, कमरेला फडकं. म्हणाल्या, "हे बघ पोरा, दारू वाढायचं एक दिवसाचं शिक्षण घे, प्रमाणपत्र आण, आणि शनिवारी दुपारी भूगर्भशास्त्राच्या पोरांची पार्टी आहे, ती निभाव. एक तक्रार आली नाही तर सोमवारपासून कायम. आली, तर अननस आहेतच."

आता पार्टीचे नियम. किती असावेत? सव्वीस! भिंतीवर डकवलेले. अठराच्या वरच्यांना मनगटावर निळी पट्टी. पार्टी देणाऱ्या विद्यार्थी मंडळाच्या दोघांनी थेंबही न घेता पिवळं जाकीट घालून फिरायचं. पैजा लावून प्यायचं नाही. एका माणसाला एका वेळी एकच ग्लास. अहो, हे आमच्या क्वीन्सलँडमध्ये? इथं चार मित्र जमले की एकानं चौघांचं आणायचं, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं, असा फेरा असतो, आणि ज्यानं स्वतःचा फेरा चुकवला त्याला गावात तोंड दाखवायला जागा नाही! तर एक लालकेश्या आला. "चार दे भावा, माझा फेरा आहे." म्हटलं, "एकच मिळेल." "अरे, फेरा आहे माझा!" "नियम आहे." "मग पोरांना काय सांगू, मी कंजूष आहे म्हणून? माझ्या आजोबांनी कधी फेरा चुकवला नाही रे!" डोळ्यांत पाणी त्याच्या! शेवटी चौघं रांगेत उभे राहिले आणि हा सगळ्यांत पुढं उभा राहून प्रत्येक ग्लासाला जाहीर करतोय, "हा माझ्याकडून... हाही माझ्याकडून..." आणि चौथ्याच्या मनगटावरची पट्टी ओली होती. ओली का? कुणाच्या घामानं? तरी मी संशय घेत नाही. ओळखपत्र बघितलं. एकोणीस वर्षांचा निघाला. फोटोत मिशी होती, समोर नव्हती, म्हणून दोनदा बघितलं.

पण खरा घोळ नियम चौदा! "दारू चालू असेपर्यंत पोटभरीचं अन्न उपलब्ध असलंच पाहिजे. अन्न संपलं की बार बंद." आता भूगर्भवाले हुशार, पण दगडांपुरते. माणसं शंभर, बियर चार पिंपं, आणि सॉसेज? साठ! त्यात फुकट सॉसेजचा वास सुटला आणि इंजिनियरिंगची पोरं आली. बियरला एकानंही हात लावला नाही हो, नुसती पावात सॉसेज, वर कांदा, वर सॉस, आणि चालू पडले! पार्टी सुरू होऊन तास झाला नाही तोवर तव्यावर एक. करपलेलं. वाकडं. दुसरं पिंप नुकतंच उघडलेलं.

मंडळाची अध्यक्षा टेगन. पिवळं जाकीट, हातात चिमटा, अंगात वकिली. मी बार बंद करायला बियरच्या नळावर फडकं टाकायला निघालो तर आडवी आली. "एल्डो, थांब. नियमात 'उपलब्ध' लिहिलंय. किती ते लिहिलंय का?"

"नाही."

"हे काय आहे?"

"सॉसेज."

"उपलब्ध आहे ना?"

"आहे, पण..."

"पण काय? कुणीही खायचं नाही! हात लावेल त्याला मंडळातून काढीन! आणि तू लक्ष ठेव."

मी नोलीनबाईंकडे बघितलं. त्या खुर्चीवर बसून ग्लास पुसत होत्या. म्हणाल्या, "वाचता तुलाही येतं." बस्स, एवढंच! म्हणजे काय समजायचं? बाई मदत करतायत की परीक्षा घेतायत?

मग काय, मी एका हातानं बियर ओततोय, मान तव्याकडे. लालकेश्या तव्याशेजारी उभा. का? म्हणे, "ऊब घेतोय." फेब्रुवारीत! आमच्या भर उन्हाळ्यात, अडतीस अंशांत! एक मुलगी आली, म्हणाली, "मी शाकाहारी आहे." मी विचारलं होतं का? न विचारता कोण सांगतं असं? तारेवर एक कुकाबुरा पक्षी बसलेला, मान तिरकी करून सरळ तव्यावर नजर. आमचे कुकाबुरे हातातला घास नेतात, त्याला फडकं दाखवलं तर खदाखदा हसला. टेगन स्वतः दर दहा मिनिटांनी येऊन चिमट्यानं सॉसेज उलटायची. करपलेलं उलटायचं कशाला? तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, मी ऐकलं होतं. मी संशय घेत नाही, मी फक्त लक्ष ठेवतो. आणि मीही सकाळपासून उपाशी होतो, म्हणून थोडं स्वतःवरही ठेवत होतो.

पावणेपाचला हॅलोरनबाई आल्या. विद्यापीठाच्या तपासनीस. सव्वीस नियम लिहिले ते ह्याच बाईंनी. हातात फळी, फळीवर कागद. पट्ट्या बघितल्या, खूण. जाकिटं मोजली, खूण. माझं प्रमाणपत्र, खूण. मग म्हणाल्या, "अन्न?"

"आहे," मी म्हटलं. आवाज अननसाएवढाच निघाला.

"कुठं?"

मी बोट दाखवलं. बाईंनी चष्मा लावला.

"हे एकच?"

टेगन पुढं सरसावली. "उपलब्ध आहे, मॅडम. कुणालाही मिळू शकतं. कुणाला भूकच नाही."

"अस्सं. कुणालाही?"

"कुणालाही!"

"मग मला दे. दुपारपासून पोटात काही नाही माझ्या."

आता सांगा! द्यावं तर संपलं, म्हणजे बार बंद! न द्यावं तर उपलब्ध नव्हतं, म्हणजे बार बंद, वर खोटं बोललो म्हणून तक्रार, आणि अननस! टेगन मला डोळ्यांनी सांगतेय, "देऊ नकोस." लालकेश्या हात जोडतोय. मी सगळ्यांवर लक्ष ठेवलं हो, पोरांवर, पाखरावर, शाकाहारी मुलीवरसुद्धा... आणि जिनं नियम केले, तिच्यावर नाही!

चिमटा घेतला. पावात घातलं. विचारलं, "कांदा घालू, मॅडम?"

"थोडा."

शंभर माणसं एका बाईला सॉसेज चावताना बघत होती. कर्रम... कर्रम... करपलेलं ना! खाऊन झालं, बोटं पुसली, म्हणाल्या, "छान. आता अन्न कुठंय?"

फडकं मी स्वतः टाकलं नळावर. कुणीतरी म्हणालं, "गद्दार!" टेगन माझ्याशी अजून बोलत नाही. पण नोलीनबाई म्हणाल्या, "मागितलं तेव्हा पोरानं दिलं, संपलं तेव्हा बंद केलं. सोमवारी ये."

गेलो. सोमवारी भिंतीवर नियम सत्ताविसावा! "तव्यावर कायम किमान वीस सॉसेज असावीत, व त्यांच्यावर लक्ष ठेवण्यास एक कर्मचारी नेमावा." खाली माझं नाव. म्हटलं, "नोलीनबाई, मला बारवर यायचं होतं ना?" म्हणाल्या, "बियर कुणीही ओततं रे. असं टक लावून बघणारा मी तीस वर्षांत पाहिला नाही."

आता दर शनिवारी उभा असतो. विसांवर लक्ष ठेवतो. आणि माझ्यावर लक्ष ठेवायला हॅलोरनबाई जातीनं येतात, बरोबर पावणेपाचला... न जेवता.

मी संशय घेत नाही हं.

कांदा आधीच कापून ठेवतो.