ब्रेक कोणाचा काढायचा?

समुपदेशक बाईंच्या दाराबाहेर लिफ्टदुरुस्तीचं काम करणारा एक तरुण आणि त्याची थोरली बहीण बसली होती. गेल्या वर्षी कामावर एक लिफ्ट कोसळली, तेव्हा तो आत होता. समोर बसलेल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिकांचा पुराव्याशिवाय कशावरही विश्वास बसत नसे; हातातलं मासिक उघडंच ठेवून त्यांनी कान तिकडे लावले.

“ताई, आज बाईंना सांगूनच टाकतो. यापुढे महिन्यातून एकदाच येईन.”

“बरा झालास हे तुझं तूच ठरवलंस?”

“झोप लागते, कामावर जातो. आणखी काय, शिंगं फुटायला हवीत?”

“लिफ्ट नीट चालते म्हणून ब्रेक काढतोस का रे?”

“ब्रेक नाही काढत, तपासणी लांबवतो. रोज उघडून बसलो तर लोकांनी चढायचं कधी? आज लिफ्टनेच वर आलो, पाहिलंस ना?”

“पाहिलं कसलं, ऐकलं. जिना चढत, प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दाराला कान लावून.”

“म्हणून ही धाप! आत का नाही आलीस?”

“आरडाओरडा करायला कोणीतरी बाहेर नको?”

“आणि रोज मी घरी येईपर्यंत गॅलरीत उभी असतेस, ते?”

“तिथे हवा छान असते.”

“भर पावसातही?”

तेवढ्यात आतून हाक आली. तरुणाने बहिणीची पिशवी उचलली.

“चल आत. माझ्या मोकळ्या झालेल्या वेळा तू घे.”

“मला काय धाड भरलीय?”

“अगदी हेच बोल. माझंही पहिलं वाक्य हेच होतं.”