फरदड ही शिवी नाही

बसा मंडळी, बसा. जीपवाले भाऊ, ते इंजिन जरासं बंद करा बापा. सवारी भेटन, आजच्या दिवस उशिरा भेटन.

आधीच सांगून देतो, मले भाषण येत नाही. मी सलीम. टीव्ही दुरुस्तीवाला, केबलवाला. घरातलं चित्र हाललं का तुम्ही ज्याले शिव्या देता, तो मीच. माह्या धंद्यात तोंडापेक्षा पक्कड जास्त चालते. पन हिरासिंगची बायको, आपल्या जमुनावहिनी म्हणाल्या, सलीमभाई, पयले तुम्हीच बोला. त्यायले नाही म्हणता आलं नाही. मधात चुकलो तं सांभाळून घ्या.

हे काही शोकसभेची जागा नाही, मलेही समजते. हॉल मांगतला होता आम्ही. एका हॉलची चावी हरवली. दुसऱ्या ठिकानी गेलो तं तिथं नेमकं रंगकाम निघालं. मी म्हटलं चालते, सारं दारव्हा एकाच हप्त्यात रंगवाले निघालं असन. म्हणून मंग या जीपच्या अड्ड्यावर सतरंज्या टाकल्या. आन् इथंच त्याले मारलं, म्हणूनही टाकल्या. तिकडं त्या निंबाखाली बोरी अरबची जीप लागते. बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, तो पुढच्या शीटवर बसला होता. त्याले हात धरून खाली ओढलं आन् काठ्यायनं मारलं. यवतमाळच्या दवाखान्यात काही दिवस काढले त्यानं. मंग गेला. हिरासिंग आडे गेला. माहा दोस्त गेला.

यवतमाळवरून पाहुणे आले हायेत, पेपरवाले आले हायेत. त्यायच्यासाठी सांगतो तो कोन होता.

हिरासिंग बोरी अरबच्या पल्याडच्या तांड्यातला. बंजारा मानूस. तो म्हणे, "सलीम, माहे आजे-पंजे बैलावर मीठ वाह्यचे, धान वाह्यचे. मी बातमी वाह्यतो." पयले तो बाजारात भोंग्यावर बोलायचा. कोनाची बकरी हरवली, कोनाचं पोरगं चुकलं, कोन्या दुकानात लुगडे आले. आवाज असा होता का बकरी आपल्या पायानं वापस आली पाह्यजे. मी त्याले म्हटलं, केबलवर येऊन कापसाचा भाव सांगत जाय रोज. ते दिवस तुमच्या ध्यानात हायेत. भाव पडला का चहाच्या टपरीवर कोनी बोलत नव्हतं. गाड्या भरून याच्या आन् भरल्या उभ्या राह्यच्या. हिरासिंग आधी भाव सांगे. मंग भाव काहून पडला ते सांगाले लागला. मंग कोनामुळं पडला तेबी सांगाले लागला. तिथून त्याचा कार्यक्रम चालू झाला. 'खरं सांगू काय' असं नाव ठेवलं. मी म्हटलं, "लेका, इचारतो कायले? सांगतच तं असतो तू."

आता मेलेल्या मानसाचं सारं गोडगोड बोलाव, असा रिवाज हाय. पन हिरासिंगचं गोड बोललो तं तो तिकडून उठून येईन. तो आडमुठा होता. त्याले दोस्ती समजत नव्हती. आमच्या मोहल्ल्यातल्या गॅरेजवाल्यायनं शेड पुढं सरकवून रस्ता खाल्ला, हे त्यानं कार्यक्रमात सांगतलं, आन् पयलं नाव घेतलं माह्या सख्ख्या भावाचं. माह्याच केबलवर, माह्याच भावाचं. भाऊजाननं मले घरी जेवताना असं पाह्यलं का मी ताट सारून उठलो. मी हिरासिंगवर तापलो. म्हटलं, "काहून घेतलं बे त्याचंच नाव?" तो शांतपने म्हणाला, "तुह्या भावाचं सोडलं असतं, तं बाकीच्यायचं घ्याले मले तोंड राह्यलं असतं काय?" भाऊजान त्याच्यासंगं लय दिवस बोलला नाही. आज तो इथं बसला हाय. तो पाहा, टोपी काढून मांडीवर घेऊन बसला हाय.

कास्तकारायलेबी त्यानं सोडलं नाही. व्यापाऱ्यायले सोडलं नाही. एका व्यापाऱ्याच्या काट्यात खोट हाय म्हणे, आन् काटा तपासला तं बरोबर निघाला. दुसऱ्या दिवशी हा क्यामेऱ्यासमोर उभा राह्यला. बसून नाही, उभा राह्यला, आन् म्हणे, "मी चुकलो, शेटजी, मले माफ करा." हे सांगाचं कारन असं का हिरासिंगले माफी मांगता येत होती. चूक असली का तो लगेच मांगे. हे ध्यानात ठेवा, कारन समोर तेच येऊन राह्यलं.

आता त्या शब्दाचं सांगतो.

आपल्या भागात एक मोठे साहेब हायेत. मी नाव घेत नाही. भेव वाटते म्हणून नाही, तसं भेवही वाटते. पन प्रकरन ठान्यात हाय, आन् नाव घ्याचं काम माहं नाही. ज्यायनं पाह्यलं त्यायचं हाय. तं साहेबायनं आपल्या पोराले पदावर बसवलं. निवडनूक नाही, काही नाही. हिरासिंग कार्यक्रमात म्हणे, "साहेब म्हंजे पयल्या येचनीचा कापूस होता. त्यायच्यासंगं भांडलो, पन कापूस चांगला होता. पोरगं फरदड हाय."

इथल्या लोकायले सांगाची गरज नाही. पाहुण्यायसाठी सांगतो. शेवटची येचनी झाली का पऱ्हाटी, म्हंजे कापसाचं झाड, उपटून टाकाव लागते. पन मानसाले लालूच सुटते. तो पऱ्हाटी तशीच ठेवते, पानी देते, आन् तिले पुन्हा बोंडं येतात. बारकी, अर्धी फुटलेली, अळी पडलेली. वावर अडून राह्यते ते वेगळंच. त्याले आम्ही फरदड म्हणतो. शिवी नाही ती. वावरातला शब्द हाय. माह्यासारख्या केबलवाल्यालेबी मालूम हाय.

पन साहेबायच्या पोराचे दोस्त शहरात शिकले. त्यायनं पऱ्हाटी गाडीच्या काचातून पाह्यली. त्यायनं कोनाले तरी इचारलं, फरदड म्हंजे काय रे? त्यानं सांगतलं, न पेरता आलेलं पीक. बस. न पेरता आलेलं. आता न पेरता आलेलं पोरगं म्हंजे काय, हे त्यायनं आपल्या डोक्शानं लावलं. सांज होत नाही तं बातमी फिरली का हिरासिंग साहेबायच्या घरच्या बाईवरून बोलला. मायवरून बोलला. एका शब्दाचा अर्थ मालूम नाही, म्हणून एवढं रामायन झालं.

मंग फोन सुरू झाले. कार्यक्रम चालू असला का माह्या दुकानातला फोन वाजे. "त्याले सांग, हात-पाय तोडू." हिरासिंग माह्या हातातून फोन घे आन् म्हणे, "भाऊ, नाव सांगा. नाव सांगून शिव्या द्या, आपन कार्यक्रमात घेऊ." तिकडून फोन ठेवून देत. मंग माही केबलची तार कापली. मी जोडली. पुन्हा कापली. मी त्याले म्हटलं, "हिऱ्या, वापस घे तो शब्द. एक शब्द हाय. त्याच्यानं कापसाचा भाव वाढून राह्यला काय?" तो इचार करत बसला. खरंच बसला, फुकट हट्ट नाही केला त्यानं. मंग म्हणाला, "मायची माफी मांगतो. मी तिले बोललो नाही, पन तिच्या कानावर घान गेली ते माह्या शब्दामुळं गेली. पोराची माफी मांगली तं वावरातली पऱ्हाटी हासन मले."

दुसऱ्या दिवशी तो फरदडीची पऱ्हाटी मुळासकट उपटून घेऊन आला. माह्या स्टुडिओतल्या चटईवर सारी माती सांडली. मी वरडलो त्याच्यावर. त्यानं क्यामेऱ्यासमोर बोंड नखानं फोडलं आन् अळी दाखवली. शाळेतल्या लेकरायले सांगाव तसं सांगतलं, का फरदड म्हंजे हे, एवढंच, दुसरं काही नाही. मंग उभा राह्यला, हात जोडले. म्हणे, "माय, तुह्याबद्दल मी एक अक्षर बोललो नाही. पन तुह्या मनाले लागलं असन तं मी पाया पडतो." मंग खाली बसला. पानी पेला. आन् म्हणे, "आता पोराचं. पोराचं मी मागं घेत नाही. पद न पेरता भेटलं हाय त्याले. ते तं तुम्हीबी पाह्यलं."

त्या माउलीनं वहिनीकडं निरोप धाडला होता, माह्या मनात काही नाही म्हणून. मोठ्या मनाची बाई. पन भांडन तिच्यासाठी होतंच कुठं? मायचा अपमान झाला असता तं माफीनं भागलं असतं. अपमान पोराचा झाला होता, आन् तो आपन सारे मिळून करून राह्यलो होतो.

हो, आपन. हिरासिंग तो शब्द बोलला आन् आपल्या घरी गेला. मंग आपन काय केलं? गाडी दिसली का टपरीवरून कोनीतरी म्हणे, "फरदड आली रे." सारे हासत. महागाववरून माहे पाव्हने आले, ते गाडीतून उतरता उतरता इचारते, "तुमच्या फरदडीचं काय चालू हाय?" हिरासिंग एक डाव बोलला. आपन महिनाभर चघळला तो शब्द. हासलो आपन. मार त्याले पडला.

मी कोनाले दोष देऊन नाही राह्यलो. तुमचे लेकरंबाळं हायेत. तुमचं दुकान इथंच हाय, तुमची जीप रोज इथंच लागते. मी त्या दिवशी यवतमाळले सामान आनाले गेलतो. मी काही पाह्यलं नाही. इथं असतो तं काय केलं असतं, ते मले मालूम नाही. फुशारकी मारनार नाही.

पन एक गोष्ट सांगाव लागते. त्यासाठीच वहिनीनं मले उभं केलं.

आता गावात नवीनच कहानी चालू झाली. काय, तं म्हणे हिरासिंग जीपवरून पडला. पुढच्या शीटवरून पाय घसरला, डोकं दगडावर आपटलं. मारलं-बिरलं काही नाही. ठान्यातले साहेब वहिनीले म्हणाले, "बाई, मले समजते, पन पाह्यनारा मानूस पाह्यजे. कोनीतरी येऊन सांगाव लागते." बरोबर हाय त्यायचं. मंग वहिनी या अड्ड्यावर आल्या. मी संगं होतो. चहावाल्याले इचारलं, तो म्हणे मी दूध आनाले गेलतो. बांगड्यावाली म्हणे मी पाठ करून होती. जीपवाला म्हणे मी पान खाले गेलतो. अरे, बाजाराचा दिवस होता. सारा बाजार काय पाठ करून उभा होता?

घरी जाताना वहिनी वाटेत एकच वाक्य बोलल्या. म्हणाल्या, "भाई, ते बोलत तव्हा साऱ्या गावाले ऐकू ये. आता मी इचारते तं कोनाले ऐकू येत नाही." मले त्याची लय याद येते, मंडळी. सांजच्या टायमाले मी आपल्या हातानं त्याची खुर्ची पुसतो, आन् मंग ध्यानात येते.

वहिनीले फाशी नाही पाह्यजे कोनाची. मी इचारलं त्यायले. त्यायले एवढंच पाह्यजे, का सरकारी कागदावर 'पडला' लिहू नये. 'मारला' लिहाव. बस. आपल्यातला एक मानूस एका शब्दाचा अर्थ सांगता सांगता मेला. त्याच्या मरनाचा शब्द तरी खरा लिहाव का नाही? तो पडला नाही. तुम्हाले मालूम हाय तो पडला नाही. मारनाऱ्यायनं तोंडंसुद्धा बांधली नव्हती. आपन बोलनार नाही, हे त्यायले आधीच ठाऊक होतं.

तुम्हाले त्याचा कार्यक्रम आवडत नसन. माह्या भावाले नव्हता आवडत. तुम्हाले तो तोंडाळ वाटत असन, आगाव वाटत असन. वाटू द्या. मले तुमच्याकडून त्याची तारीफ नाही पाह्यजे. पाह्यलेलं सांगा, एवढंच.

आता रिवाजापरमानं दोन मिन्टं उभं राहू. ज्याचा जो देव असन त्यानं त्याले आठवाव. मी फातेहा पढतो. तांड्यातले भाऊ सेवालाल महाराजाचं नाव घेतीन. उठा. म्हाताऱ्यायले हात द्या.

झालं. नका बसू आता. भाऊजान, टोपी घाल. ठाना इथून दिसते. रस्ता ओलांडला का आलाच. वहिनी निंघाल्या हायेत. वहिनी, मागं पाहू नका, मी हाय संगं. ज्यानं पाह्यलं, त्यानं याव, आन् ठान्यातल्या साहेबायले एकच शब्द सांगाव. मारला.